ब्ल्यूज, तारपा आणि आपले कान

गाण्याबजावण्याविषयी बोलताना आपण शहरगावची माणसे ‘एकसुरी’ हा शब्द फार सहज वापरतो. भाताची कापणी होऊन गेल्यावर तलासरी-उधव्याच्या बाजूच्या पाड्यांवर रात्री तारपा घुमू लागतो. बाजारपेठेतला मनुष्य तो क्षणभर ऐकतो, ‘बरे वाटते, पण तेच ते आहे’ असे म्हणतो आणि आपल्या वाटेला लागतो. त्याच्या ह्या अभिप्रायात तुच्छता असतेच असे नाही. त्याला खरोखरीच तेच ते ऐकू येते. प्रश्न असा आहे की, तेच ते असते ते वाद्यात की ऐकणाऱ्याच्या कानात?

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी जरा दूरचा वळसा घेणार आहे. अमेरिकेतील नीग्रो शेतमजुरांच्या (त्यांना आज कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात आणि तेच योग्य आहे) ब्ल्यूज नावाच्या गाण्यालाही आरंभी हाच शब्द लावला जात असे. तीन स्वर, तीन ओळी, तेच रडगाणे, असे त्याचे वर्णन होई. आज तेच गाणे जगभर ऐकले जाते. २०११ पासून आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, ब्ल्यूजचा महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी शिकागोचा बडी गाय त्यात गाऊन गेला. तो ऐकायला तिकीट काढून गेलेल्या मंडळींना तेच ते वाटले नाही. मग मधल्या शंभर वर्षांत बदलले काय? गाणे तर बदललेच. पण त्याहूनही अधिक ऐकणारा बदलला.

ब्ल्यूजचा जन्म नेमका कोठे व कधी झाला हे कोणी सांगू शकत नाही, कारण कोणत्याच लोकगीताचा जन्मदाखला नसतो. एवढे मात्र निश्चित की, १८६५ मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली आणि त्यानंतरच्या तीसेक वर्षांत, मिसिसिपी नदीच्या काठच्या कापसाच्या मुलखात, ह्या गाण्याने आकार घेतला. गुलामगिरी संपली म्हणजे काय झाले? जमीन मालकाचीच राहिली. माणूस अर्धेलीने ती कसू लागला. बियाणे, खेचर, पीठमीठ सारे मालकाच्या दुकानातून उधार; वर्षाअखेरीस हिशेब मालकाच्याच वहीत आणि त्यात कुळाकडे काहीतरी निघतेच. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. खावटीचे भात पावसाळ्यात आणायचे आणि सुगीला दीडीदुपटीने फेडायचे, ही वहिवाट डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत पिढ्यान् पिढ्या चालली. लग्नासाठी कर्ज काढून नवराबायको दोघांनीही सावकाराच्या घरी राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. ह्या प्रकाराचे जे वर्णन गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या १९७० च्या पुस्तकात केले आहे, ते वाचताना मिसिसिपीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

अशा जगण्यात दिवस मालकाचा असतो. आपली म्हणावी अशी एकच वस्तू उरते, ती म्हणजे रात्र. तिकडे शनिवारची रात्र, इकडे सुगीनंतरची. ब्ल्यूज आणि तारपा ह्या दोन्ही गोष्टी ह्या रात्रींच्या आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सायंकाळी सात ते साडेआठ ह्या वेळात खुर्चीवर बसून ऐकण्यासाठी त्या जन्मलेल्या नाहीत.

आता ब्ल्यूजची ठेवण थोडक्यात सांगतो. चार-चार मात्रांचे बारा खंड मिळून एक आवर्तन होते. पहिल्या चार खंडांत एक ओळ येते. दुसऱ्या चारांत तीच ओळ पुन्हा येते. तिसऱ्या चारांत तिचे उत्तर येते. पण ओळ तीच असली तरी तिच्याखालची जमीन सरकलेली असते. गिटारवरचा आधार पहिल्या वेळी षड्जावर असतो, दुसऱ्या वेळी तो मध्यमावर जातो, तिसऱ्या वेळी पंचमावर जाऊन परत घरी येतो. म्हणून दुसऱ्यांदा तेच शब्द ऐकताना त्यांचा अर्थ किंचित पालटतो. पहिल्या वेळी माणसाने काहीतरी सांगितले. दुसऱ्या वेळी तेच त्याने स्वतःशी उच्चारले. शिवाय प्रत्येक चार खंडांत गळा साधारण निम्माच भाग घेतो आणि उरलेल्या भागात वाद्य त्याला जबाब देते. शेतावर एकाने साद घालावी आणि इतरांनी ओढून घ्यावी, ह्या कामाच्या गाण्यातली ही रीत आहे. माणूस एकटा पडला तेव्हा इतरांची जागा गिटारने घेतली.

दुसरी गोष्ट स्वराची. ब्ल्यूजमधला गंधार आणि निषाद पेटीच्या पट्टीवर सापडत नाहीत. ते कोमल आणि शुद्ध ह्यांच्या मध्ये कोठेतरी असतात आणि एका जागी उभे राहत नाहीत. युरोपीय शिक्षण घेतलेल्या कानाला हा बेसूरपणा वाटला. आपल्याला तसे वाटण्याचे कारण नाही, कारण दरबारीचा आंदोलित गंधार ज्याने ऐकला आहे त्याला दोन पट्ट्यांमधल्या जागेचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की, ब्ल्यूजमध्ये गळा खाली कोमलाकडे ओढत असताना वाद्य शुद्ध गंधाराचा आधार धरून बसलेले असते. ह्या दोघांचे न जुळणे हाच त्या गाण्याचा रस आहे. घरात दोन माणसे एकाच गोष्टीविषयी दोन मते बाळगून एकत्र राहतात, तसे काहीसे.

१९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक शिकलेला बँडमास्तर मिसिसिपीतील टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत होता. तेथे एक फाटक्या कपड्यांचा माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासून गात होता. हँडी स्वतः कृष्णवर्णीय. पण त्याचे कान छापील स्वरलिपीचे होते. त्याला ते संगीत विलक्षण वाटले आणि ते तो विसरू शकला नाही. १९१२ मध्ये त्याने ‘मेम्फिस ब्ल्यूज’ छापले. येथून ब्ल्यूज कागदावर आला आणि बाराच खंड, तीनच ओळी ही शिस्त पक्की झाली. खेड्यातला गाणारा मात्र मनाला येईल तेव्हा साडेअकरा किंवा तेरा खंड घेई. त्याच्याबरोबर दुसरे कोणी वाजवायला नसे, मग मोजायचे कोणासाठी?

पुढे १९२० मध्ये मेमी स्मिथ ह्या गायिकेची ‘क्रेझी ब्ल्यूज’ ही तबकडी हातोहात खपली आणि कंपन्यांना कळले की कृष्णवर्णीय माणूसही पदरचे पैसे टाकून तबकडी विकत घेतो. मग बेसी स्मिथ आली, चार्ली पॅटन आला, १९३६-३७ मध्ये रॉबर्ट जॉन्सन एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित करून गेला आणि १९३८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. तबकडीला तीन मिनिटांची मर्यादा होती. रात्रभर चालणारे गाणे त्या तीन मिनिटांत बसवावे लागले. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांना हेच करावे लागले आणि त्यांनी ते कसे केले ते आपण जाणतोच. मर्यादा पडली हे खरे. पण त्या मर्यादेमुळेच गाणे घराबाहेर पडले, हेही तितकेच खरे.

ह्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत बोधक वाटते ती मडी वॉटर्सची हकीगत. १९४१ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयातर्फे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे लोकगीते टिपत हिंडत असता स्टोव्हलच्या मळ्यावर त्यांना हा ट्रॅक्टर चालवणारा तरुण भेटला. १९४३ मध्ये तो मळा सोडून शिकागोला गेला. कारखान्यांच्या त्या शहरात, दारूच्या गुत्त्यातल्या गलबल्यात साधी गिटार ऐकूच येईना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. तीच मळ्यावरची गाणी आता कर्ण्यातून गरजू लागली. १९५८ मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा तेथील रसिक दचकले. त्यांना हवा होता पडवीत बसून हळू आवाजात दुःख सांगणारा शेतकरी. म्हणून काही वर्षांनी पुन्हा जाताना त्याने साधी गिटार नेली, तर आता तेथल्या पोरांना विजेचीच हवी होती! दरम्यान त्याच्या १९५० च्या एका तबकडीवरून लंडनच्या काही पोरांनी आपल्या बँडचे नावही घेतले होते. तो बँड म्हणजे रोलिंग स्टोन्स.

श्रोता कलावंताकडे अस्सलपणा मागतो आणि अस्सलपणाची त्याची कल्पना दर पाच वर्षांनी बदलते. कलावंताने करायचे काय?

ब्ल्यूजचा रसिक बहुधा उलट्या वाटेने घडतो, म्हणजे मुखाकडून उगमाकडे. आधी त्याला रोलिंग स्टोन्स आवडतात. मग कोणी सांगते की हे मडी वॉटर्सचे. त्याच्याकडून तो रॉबर्ट जॉन्सनकडे जातो, तेथून पॅटनकडे आणि अखेर तबकडीच्या खरखरीतून शेतावरच्या नुसत्या हाकेपर्यंत. आरंभी जे एकसुरी वाटत होते त्यात आता त्याला माणसे वेगळी ओळखू येतात. ह्या नादाने काय होऊ शकते पाहा. मिसिसिपी जॉन हर्ट ह्या गवयाने १९२८ मध्ये काही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि तो विस्मृतीत गेला. त्यातल्या एका गाण्यात ॲव्हलॉन ह्या गावाचे नाव होते. १९६३ मध्ये एका तरुण श्रोत्याने ते नाव धरून नकाशात गाव शोधले आणि तेथे जाऊन पाहतो तो म्हातारा जिवंत, शेतीच करीत होता! त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला आणि १९६६ मध्ये वारला. पस्तीस वर्षे कोणी विचारले नाही आणि शेवटची तीन वर्षे हजारोंनी ऐकले.

आता आपल्या दाराशी येऊ.

तारप्याची घडण पाहण्यासारखी आहे. मध्ये वाळलेला, पोकळ केलेला भोपळा. त्यात बांबूच्या दोन नळ्या, त्यांना बांबूचीच चिरून काढलेली जीभ. पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. आणि हे सारे मेणाने सांधलेले. विकतचे असे त्यात काही नाही. फुंक भोपळ्यात जाते आणि दोन्ही नळ्या एकदम बोलू लागतात. नळ्या हाताच्या, मेण उन्हाथंडीने बदलणारे. तेव्हा त्या दोघींचा सूर काट्यावर जुळेल असे नसते. दोन सूर अगदी जवळ असून नेमके एक नसले म्हणजे त्यांच्या मिळणीतून एक थरथर उत्पन्न होते. तंबोरा लावताना जोडाच्या तारा जुळत आल्या की हीच थरथर आपण ऐकतो आणि ती थांबेपर्यंत खुंटी पिळतो. तारप्यात ती थांबवायची नसते. अंगणातल्या माणसाच्या छातीत घुमते ती हीच. ज्याला चाल तेवढी ऐकायची सवय आहे त्याचे हिच्याकडे लक्षच जात नाही आणि मग त्याला उरलेले चार-पाच स्वर एकसुरी वाटतात, ह्यात नवल काय?

तारप्याला विराम नाही. वादक नाकाने श्वास आत घेत असता गालांत साठवलेल्या हवेने फुंक चालू ठेवतो, त्यामुळे नाद तुटत नाही. ख्याल गाणारा समेवर येतो, आपण मान हलवतो आणि श्वास टाकतो. तारपा ऐकताना आपण नकळत त्या समेची वाट पाहतो. ती येत नाही आणि आपल्याला कंटाळा येतो. येथे सम पायांत आहे. वादक मध्यभागी, नाचणारे हातांत हात गुंफून त्याच्याभोवती; पुढे एकजण घुंगरांची काठी जमिनीवर आपटीत चालतो. तारपेवाला वळला की साखळी वळते, त्याने चाल बदलली की पावले बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, ही तेथली रीत. म्हणजे तारप्यातला जो बदल आपल्याला ऐकू येत नाही, तो पन्नास माणसांच्या पायांना बरोबर ऐकू येतो. ज्यांना प्रथमच तारपा ऐकायचा आहे त्यांना माझी सूचना अशी की, वादकाकडे न पाहता काही वेळ नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहावे. पावले बदलली की कान मागे घेऊन जावेत आणि काय पालटले ते शोधावे. तासाभरात चाली वेगवेगळ्या ऐकू येऊ लागतात.

कोणी विचारील की, मग तारपा हा वारल्यांचा ब्ल्यूज म्हणावा काय? मी तसे म्हणणार नाही, जरी व्याख्यानाला ते वाक्य शोभून दिसले असते. कर्ज, वेठ आणि मालकाची वही दोन्हीकडे सारखी होती, पण एक मोठा भेद आहे. अमेरिकेतील गुलामाला त्याच्या मातीतून उपटून समुद्रापार नेले. त्याची भाषा गेली, देव गेले, गावकी गेली. उरला तो एकटा माणूस. म्हणून ब्ल्यूजचा कर्ता ‘मी’ आहे: मी सकाळी उठलो, मला सोडून गेली, मी गाडीत बसून चाललो. वारल्याची जमीन गेली, पण तो त्याच मातीवर राहिला. त्याचा हिरवा देव, त्याची कणसरी म्हणजे धान्याची माता, त्याचा भगत, लग्न लावणारी धवलेरी ही सारी त्याच्याजवळ राहिली. म्हणून तारप्यात ‘मी’ नाहीच. तेथे सारा पाडा आहे. एकट्या गळ्याचे, बसून ऐकायचे गाणे त्याच्याकडेही आहे; ते घांगळीवर भगत गातो, पण ते कणसरीचे, देवांचे. स्वतःचे दुःख गाण्यासाठी त्याने वाद्य केले नाही. ते दुःख त्याने दुसऱ्या रीतीने मांडले. १९४५ च्या मे महिन्यात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी, हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. वेठ मोडली. दिवसही आपला झाला. त्यानंतरच्या सुगीच्या तारप्याकडे निव्वळ करमणूक म्हणून मला पाहता येत नाही.

एका गोष्टीचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. तारप्याचे चित्र जगभर गेले आहे. पूर्वी लग्नाचा चौक बायका भिंतीवर लिहीत. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णींच्या प्रोत्साहनाने गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांनी ती कला कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते निवर्तले. तारपेवाल्याभोवतीची ती गोल फिरणारी साखळी आज साड्यांवर, चहाच्या कपांवर, स्टेशनांच्या भिंतींवर आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दिवाणखान्यात ती असेल. पण त्या चित्रातला आवाज किती जणांनी ऐकला आहे? चित्र प्रसंगापासून सोडवून नेता येते. तारपा रात्र, अंगण, नवे भात आणि पन्नास पाय ह्यांतून सोडवता येत नाही. तिकडे हे काम तबकडीने केले. इकडे ते व्यासपीठ करू पाहते आणि मला वाटते, वाईट रीतीने करते. सरकारी समारंभात पाहुण्यांचे आगमन होताच पाच मिनिटे तारपा होतो. पाहुण्यांना पाठ दिसू नये म्हणून गोल मोडून अर्धचंद्र केला जातो. बिचारा वादक ज्यांच्यासाठी वाजवायचे त्यांच्याऐवजी ध्वनिक्षेपकाकडे तोंड करून उभा राहतो. तीन मिनिटांच्या तबकडीने ब्ल्यूजला निदान पुन्हा पुन्हा ऐकण्याची सोय दिली. ह्या पाच मिनिटांनी तेही दिले नाही.

अलीकडे काही बरे घडले आहे. जव्हार तालुक्यातील भिकल्या लाडक्या धिंडा ह्या वृद्ध तारपावादकांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला तरुण पोरे तारपा घेऊन मिरवणुकीत येतात. आणि दुसऱ्या बाजूला, वापी-सिल्व्हासाच्या कारखान्यांत जाणारी हीच पोरे गावच्या लग्नात डीजे लावतात, की-बोर्डवर तारप्याच्या चाली काढतात आणि त्यावर रात्रभर नाचतात. ह्यावर नाके मुरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी मडी वॉटर्स आठवावा. गलबला वाढला म्हणून त्याने विजेची गिटार घेतली, ह्याला आज कोणी भ्रष्टता म्हणत नाही. की-बोर्डवर ती थरथर येत नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे. पण नाचणारा गोल तेथे मोडलेला नाही, आणि समारंभातल्या अर्धचंद्रापेक्षा मला तो गोल अधिक जिवंत वाटतो.

खरी अडचण वाद्य घडविणाऱ्यांची आहे. भोपळा हवा त्या आकाराचा मिळण्यासाठी वेल लावून तो वेळेवर राखावा लागतो. ताडाचे पान, बांबू, मेण ह्यांची पारख हाताला असावी लागते, आणि वादक बहुधा स्वतःच हे सारे करतो. म्हणजे एक वादक गेला की एक कारागीरही जातो. जॉन हर्टला शोधायला निघालेल्या त्या पोराजवळ निदान एक तबकडी होती. आपल्याजवळ पाड्यांची नावे आहेत. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. वांद्र्याला ब्ल्यूज ऐकणाऱ्यालाही तेथून पुढे थोडीच वाट उरते, आणि आपण तर येथेच राहतो. भात कापून झाले, दिवाळी जवळ आली, की उधव्याच्या बाजूला कोणा ओळखीच्या माणसाला विचारून, बोलावले तर जावे. रेकॉर्डिंग करायचे असेल तर आधी पुसावे. आणि जाताना घरी परतण्याची वेळ ठरवून जाऊ नये, कारण तारपेवाला ती विचारीत नाही.